थिकाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ‘समुपदेशनाशिवाय एचआयव्हीची तपासणी म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं, आणि तिच्या भरवशावर प्रेपच्या गोळ्या देणं त्याहून धोक्याचं,’ असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. (प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्यानं लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या. ती घेणाऱ्यांना मधली तपासणी घरीच करू द्यावी, असं माझं म्हणणं.) आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, बसून लोकांना निकाल सांगणाऱ्या बाईचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण लेखातला केनियातल्या थिका शहरातला प्रयोग वेगळा होता.

तिथे कोणाला पहिल्याच दिवशी स्वतःची तपासणी स्वतः करायचं किट देऊन घरी पाठवलं नव्हतं. सगळे ४९५ जण आधीच महिनाभर प्रेप घेत होते. पहिली तपासणी दवाखान्यातच झालेली. मग गट पाडले. एका गटाला नेहमीसारखं दर तीन महिन्यांनी बोलावलं. दुसऱ्याला सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि मधली तपासणी घरी करायला किट. खेपा निम्म्यावर आल्या. २०२२ साली निष्कर्ष आले तेव्हा तपासणी करणं, गोळ्या पुन्हा नेणं, रक्तात औषध सापडणं, यांत हा गट मागे पडलेला नव्हता. (गोळ्या चुकवणारे दोन्हीकडे होते. त्यावर किट हा उपाय नव्हेच.)

विंडो पिरियडचा, म्हणजे लागण होऊनही तपासणीत न दिसण्याच्या काळाचा, तुमचा मुद्दा खराच आहे. हिरड्यांवरून फिरवायच्या किटला लागण रक्ताच्या तपासणीपेक्षा उशिरा कळते. तोवर माणूस प्रेप घेत राहिला तर प्रेपच्या गोळीतल्या दोन औषधांना दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. मात्र बोट टोचून केलेली रॅपिड टेस्टही नुकती झालेली लागण चुकवतेच. तिथे कामाला येतात ते तुमचे प्रश्न: गेल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, गाठी? शेवटचा धोक्याचा संबंध कधी? तो ७२ तासांच्या आतला असेल तर प्रेप बाजूला ठेवून लगेच पेप, म्हणजे धोक्याच्या संबंधानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध, सुरू करायला हवं. जागतिक आरोग्य संघटना २०२४ पासून म्हणते की प्रेप सुरू करतानाही स्वतपासणी चालेल. तिथे माझा कल अजून तुमच्याकडेच आहे. चालू असलेल्या प्रेपच्या मधल्या तपासणीला मात्र नाही.

कारण तुम्ही घरच्या तपासणीची तुलना समुपदेशकासमोरच्या तपासणीशी करता. मला न आलेली बाई दिसते. केनियात प्रेप बऱ्याचदा एचआयव्हीच्या उपचारकेंद्रातच मिळायची. निगेटिव्ह असून त्या रांगेत उभं राहायचं, ओळखीच्या कोणी पाहिलं की खुलासे देत बसायचं, वर दिवसाची मजुरी बुडवायची. पुढच्या वेळी ती येत नाही. मग गोळ्याही नाहीत आणि तपासणीही नाही. किटवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे लागण दिसली, तर खात्रीच्या तपासणीला केंद्रात यावंच लागतं, म्हणजे तुमची खुर्ची जात नाही.

जी भीती मला खरी वाटते, तिचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत नाही. दवाखान्यात तुम्ही नवऱ्याला ‘जरा बाहेर थांबा’ म्हणू शकता. घरात किट सापडलं आणि त्यानं बायकोला समोर बसवून तपासणी करायला लावली, तर? संमतीशिवाय तपासणी करू नये असं आपला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो, पण स्वयंपाकघरात तो कोण पाळून घेणार? म्हणून किट देण्याआधी ‘हे घरी ठेवता येईल का?’ एवढं विचारायलाच हवं, आणि ‘नाही’ म्हणणारीला तीन महिन्यांची खेप खुली ठेवायला हवी, कुरकुर न करता.