५६००जी घेताय तर रॅम एकच नको

कॉम्प्युटर जुळवण्यावरच्या तुमच्या लेखातला ‘सध्या रॅमची १६ जीबीची एकच स्टिक टाका, दुसरी पुढे कधीतरी’ हा सल्ला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला एकवेळ चालेल. पण तुम्ही सुचवलाय रायझन ५ ५६००जी, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, आणि कार्ड नंतर घ्या म्हणताय. अहो, त्यातल्या व्हेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नसते, ते रॅमवर जगतं. एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनेल (रॅमकडे जायला एकच वाट), बँडविड्थ, म्हणजे डेटा ये-जा करायचा वेग, निम्मी. त्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, डीडीआर४ ३२००. इथे सांगलीत विश्रामबागला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला दुकानदाराने एकच टाकून दिली होती. जीटीए ५ गेम गर्दीच्या रस्त्यावर आला की अडखळायचा. जोडीची दुसरी बसवली (मदरबोर्डाला रॅमचे चार स्लॉट असतील तर एक सोडून, शेजारी नाही) आणि पोरगं खूश.

आणि कार्ड घ्यायचं पक्कंच असेल तर ५६००जी हवा कशाला? त्याला एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० ला ३२. शिवाय ५६००जी पीसीआयईच्या (कार्ड जोडायच्या मार्गाच्या) जुन्या, हळू ३ आवृत्तीवरच थांबतो. त्यावर कोणी स्वस्तात मिळालं म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड लावलं, ज्याला मुळात चारच लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत, तर बसा बोंबलत.