आधी पूर्वपक्ष

शनिवारचा बाजार आटोपला की लेकीला घेऊन मी जाकोबँच्या चर्चमध्ये थोडं टेकते. लाल विटांची उंच वास्तू, ताडासारखा वर पसरत गेलेला एक खांब, आणि वेदीखाली थॉमस अक्वायनसच्या अस्थींची पेटी. 1274मध्ये इटलीत वारलेल्या या डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती पंडिताच्या अस्थी 1369मध्ये इथे, फ्रान्समधल्या तुलूझला आणल्या.

त्याचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ मला आवडतो तो मांडणीमुळे. आपल्या शास्त्रग्रंथांसारखाच आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. ‘देव आहे का?’ या प्रश्नावर हा साधू सुरुवात करतो ती ‘नसावा असं दिसतं’ इथून. जगात वाईट आहे. आणि जगाचा उलगडा देवावाचूनही होतो. हे दोन आक्षेप आजच्या नास्तिकालाही आपलेच वाटतील. मग स्वतःचं उत्तर, आणि शेवटी आक्षेपांचा एकेक करून समाचार. मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सीना आणि इब्न रुश्द, ज्यू पंडित मायमोनिडीस यांचंही म्हणणं तो गांभीर्याने घेतो. पटलं तर स्वीकारतो, नाही तर खोडतो.

एप्रिल 2025मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा शासन निर्णय निघाला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर रण पेटलं. जूनअखेर सरकारने माघार घेतली, पण दादाचा आणि माझा अबोला तसाच राहिला. मी सक्तीच्या विरोधात. इथल्या मेट्रोत फ्रेंचमागून ऑक्सितान या इथल्या जुन्या भाषेत स्टेशनांची नावं ऐकू येतात. शाळांनी फ्रेंचशिवाय काही चालू दिलं नाही, म्हणून घराघरांतून आटलेली ही भाषा. ते ऐकताना मला पोटात कालवतं. दादाचं एकच, “तिकडे बसून बोलायला काय जातं?”

मग एका रात्री मी दादाचीच बाजू लिहून काढली. लिपी तीच आहे. लहान मुलं भाषा पटकन उचलतात. राज्याबाहेर पोट भरायला हिंदी लागते. दुसऱ्या मुद्द्यावर मी अडखळले, कारण त्याचा पुरावा माझ्याच घरात होता: लेक शाळेत फ्रेंच बोलते, घरी मराठी. बराच विचार केल्यावर उत्तर सुचलं. ती दिवसभर फ्रेंचमध्ये खेळते, भांडते, रडते. शाळेतल्या एका तासिकेने ते होत नाही. ग्रुपवर इतके महिने भांडून हा मुद्दा मला सुचला नव्हता.

थॉमसला मी डोक्यावर घेत नाही. हट्टी पाखंड्यांना देहदंड योग्य, असंही त्यानेच लिहिलं, आणि तुलूझमध्ये त्याच्याच पंथाच्या साधूंनी कॅथार नावाच्या, पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथावर धर्मचौकशी चालवली. पण त्याच पानावर त्याने विरुद्ध बाजूही नोंदवली आहे: कापणीपर्यंत गव्हातलं तण राहू द्या, असं बायबल सांगतं. आज ते पान वाचताना मी त्या आक्षेपाच्या बाजूने उभी राहते. तो त्याने गाळला असता, तर मला ते वचन तिथे सापडलं नसतं.

दादाला मी फक्त त्याची बाजू पाठवली, माझी उत्तरं नाहीत. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला: “चौथा मुद्दा राहिला तुझा. थांब, लिहितो.”