धने भाजायला किती हेल मेरी लागतात?

ईस्टर झाला की घरातले सगळे सुटल्यासारखे वागायला लागतात. लेंटचे, म्हणजे आमच्या उपवासाचे, चाळीस दिवस संपलेले असतात, मटण परत आलेलं असतं, नातवंडांच्या हातात चॉकलेटची अंडी असतात आणि सून चहात परत साखर घालायला लागलेली असते. माझ्या एकट्याच्या पोटात गोळा येतो. कारण ईस्टरनंतर येतो मे, आणि मे म्हणजे मसाला.

मसाला म्हणजे बाटली मसाला. आम्ही ईस्ट इंडियन. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे कलकत्त्याचे का? नाही हो, इथलेच, मरोळचे, सात पिढ्या मुंबईच्या बाहेर गेलेलो नाही, घरात मराठी बोलतो, आजी नऊवारी लुगडं नेसायची, आणि तरी नाव ईस्ट इंडियन. 1887 साली राणी व्हिक्टोरियाची ज्युबिली होती, तेव्हा आमच्या थोर मंडळींनी असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीशी आपलं जुनं नातं आहे हे दिसावं, गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथले जुने, हे साहेबाला कळावं, नोकऱ्या मिळाव्यात, असा हिशोब. साहेब गेला, नोकऱ्या गेल्या, नाव राहिलं, आणि मी अजून लिफ्टमध्ये लोकांना सांगतोय की मला बंगाली येत नाही.

तर मसाला. पंचवीस-तीस जिनसा असतात. मिरची, धने, हळद, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, तिरफळं वगैरे तर आहेतच, शिवाय गहू आणि हरभरा डाळपण भाजून घालतात, ते ऐकून आमच्या सुनेची आई (मालवणच्या, मसाल्यात फार कडक) दोन मिनिटं काही बोललीच नव्हती. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते दुसऱ्या घराला सांगायचं नाही, सख्ख्या बहिणी एकमेकींना एखादी जिन्नस कमी सांगतात आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला शेजारी बसून एकमेकींना शांती देतात. वर्षभराचा मसाला एकदाच करायचा, कुटायचा, आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरायचा म्हणजे उजेड लागत नाही, रंग उडत नाही. रविवारच्या मटणात तोच, बोंबलात तोच, वांगं-सुकटीत तोच.

गावठाणात घर होतं तेव्हा याचा काही त्रास नव्हता, म्हणजे मला नव्हता. कुटणाऱ्या बाया यायच्या, अंगणात उखळ, हातात लांब मुसळं, दोघी-तिघी आळीपाळीने घाव घालायच्या, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, सोबत गाणी, आणि दुपारी त्यांना जेवण. मी तेव्हा ऑफिसला जायचो. संध्याकाळी येईपर्यंत बाटल्या ओळीने उभ्या आणि सगळी गल्ली शिंकत असायची पण कोणी तक्रार करायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचा मसाला असायचा आणि आम्ही शिंकायचो.

मग रिडेव्हलपमेंट आलं. आमचं जुनं चर्च तुम्हाला माहीत नसेल, आज जिथे सीप्झ आहे तिथे आत, कंपन्यांच्या मधोमध, त्याचे अवशेष आहेत. 1579 साली जेझुइट पाद्र्यांनी बांधलेलं, 1840 मध्ये साथ आली तेव्हा लोकांनी सोडलं आणि मरोळला आले. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा होते, तेव्हा आम्ही जातो, छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये उभे राहतो, घाम पुसतो. पूर्वजांनी साथीपायी चर्च सोडलं, आम्ही पार्किंगपायी अंगण सोडलं. आता अकराव्या मजल्यावर दोन बेडरूम, हॉल, किचन, आणि किचनच्या खिडकीतून दुसऱ्या विंगचं किचन.

पहिला प्रश्न मिरची आणायचा. ती लालबागच्या मिरची गल्लीतूनच हवी. मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो लोकल, आणि मिरची आणायला उतरायचं कुठे तर करी रोडला, हा योगायोग मी दर वर्षी हिला सांगतो आणि ही दर वर्षी हसत नाही. चार किलो मिरची, अर्धी काश्मिरी अर्धी रेशीमपट्टी, घेऊन दुपारी सेकंड क्लासमध्ये बसलात तर आजूबाजूची जागा आपोआप रिकामी होते, सीनियर सिटिझन म्हणून मला जी सवलत मिळायला हवी ती मला फक्त मिरचीमुळे मिळालेली आहे.

मुलगा म्हणतो, पपा, तिथेच भाजून कुटून देतात ना, मग घरी कशाला? त्याने हे हिच्यासमोर म्हटलं. ही म्हणाली, आधीचं गिऱ्हाईक लसूण घालून कुटून गेलेलं असेल, त्याच्या डंकात माझा मसाला? मुलगा गप्प. भाजायचं घरीच, आणि कुटायला मरोळच्याच एका डंकवाल्याकडे, तेही सकाळी सगळ्यात आधी, त्याने डंक पुसला की नाही ते मी उभं राहून बघायचं. गेल्या वर्षी मी त्याला तीनदा पुसायला लावला. आता तो मला बघितलं की स्वतःच फडकं घेतो.

दुसरा प्रश्न बाटल्यांचा. मी पीत नाही. म्हणजे ख्रिसमसला एक घोट वाईन, तेवढंच. त्यामुळे पंधरा बाटल्या भंगारवाल्याकडून आणायच्या, लेबलं भिजवून काढायची, गरम पाण्याने धुवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. ऊन फक्त टेरेसवर. टेरेसची किल्ली सेक्रेटरीकडे. मी किल्ली मागितली, मिरची वाळवायचीय म्हणालो, त्यांनी दिली. बाटल्यांचं बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो: टेरेसवर पंधरा बिअरच्या बाटल्या, बाजूला चटई, चटईवर मी झोपलेला. मी कबुतरांवर लक्ष ठेवायला बसलो होतो, उन्हाने डोळा लागला. खाली एवढंच लिहिलेलं, सीनियर सिटिझन्सकडून ही अपेक्षा नव्हती. कोणीतरी हात जोडलेले टाकले, कोणीतरी हसरा चेहरा टाकला, माझ्याच सुनेने अंगठा टाकला, म्हणते चुकून लागला.

आता मुख्य विषय, भाजणं.

हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी तासन्तास उभं राहायला बंदी केलीय. म्हणून भाजायचं मी, आणि ही हॉलमध्ये खुर्चीवर बसून धने पाखडत तिथूनच कमांड देणार. मी विचारलं, धने किती वेळ भाजायचे? ही म्हणाली, एक डेकेड.

मला वाटलं चेष्टा आहे. नव्हती. हिच्या आईने हिला असंच शिकवलं, तिच्या आईने तिला. घरात घड्याळ नव्हतं, पण रोजरी होती, म्हणजे आमची जपमाळ; आवर फादर, हेल मेरी या तिच्यातल्या प्रार्थना. मोहरी एका आवर फादरला तडतडते. खसखस तीन हेल मेरी, चौथ्याला कडू. तीळ पाच. धने मंद आचेवर एक पूर्ण डेकेड, म्हणजे एक आवर फादर, दहा हेल मेरी आणि ग्लोरी बी. गहू आणि डाळ दोन डेकेड. मिरची आधीच उन्हात कडकडीत झालेली असते, ती नुसती गरम करून घ्यायची, कढई भरून एक घाणा, एक डेकेड, वर एक हेल मेरी नाही. आणि मे महिना मदर मेरीचा, म्हणजे मसालापण होतो आणि रोजरीपण होते, गॅसही वाया जात नाही. 2002 मध्ये पोप जॉन पॉल यांनी रोजरीत प्रकाशाची पाच रहस्यं (दर डेकेडला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, ते रहस्य) नवीन घातली तेव्हा फादरांनी चर्चमध्ये समजावून सांगितलं, बाहेर पडल्यावर हिने पहिला प्रश्न विचारला, म्हणजे आता मसाल्यात पण काही वाढवायचं का?

पद्धत चांगली आहे, प्रॉब्लेम स्पीडचा आहे. पहिल्या वर्षी मी हिच्या नियमाने सगळं केलं आणि धने कच्चे राहिले. मसाल्याला वर्षभर गवताचा वास. ही म्हणाली, तू रोजरी म्हणतोस की विरार फास्ट सोडतोस? नातीने (नववीत आहे, सगळं मोजते) मोबाईलवर दोघांची वेळ लावली. हिचं एक डेकेड दोन मिनिटं पन्नास सेकंद, माझं एक मिनिट पंचवीस. नात म्हणाली, ग्रॅन्पा, तुम्ही डबल करा ना, सिम्पल आहे. ही म्हणाली, प्रार्थना काय सिरप आहे, डबल डोस घ्यायला? सावकाश म्हण. त्यानंतर मी पन्नास वर्षांची सवय मोडून सावकाश म्हणायला शिकलो, आणि खरं सांगतो, शब्द ऐकू यायला लागले की मध्येच विचार यायला लागतात, वीजबिल भरलं का, गिझर बंद केला का. फास्टमध्ये हे होत नाही.

तर गेल्या मेमधली गोष्ट. मंगळवार, म्हणजे रोजरीत दुःखाची रहस्यं. धने उत्तम झाले, डाळ झाली, हिने वास घेऊन मान हलवली, लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली त्यात अशी मान मी चार-पाचदाच बघितलीय. मग मिरची. तीन घाणे झाले, शेवटचा चौथा कढईत. दारं-खिडक्या उघड्या, तोंडाला ओला रुमाल, मी मनात म्हणतोय, एक, दोन, तीन... सातव्या हेल मेरीला फोन वाजला. सेक्रेटरी. बाटल्यांच्या फोटोवर मॅनेजिंग कमिटीला लेखी खुलासा हवा होता. मी म्हटलं, साहेब, नंतर. ते म्हणाले, नंतर नाही, अजेंड्यावर आहे. मी रुमालातून त्यांना बाटली मसाला समजावला, त्यांनी विचारलं मसाल्याला बिअर कशाला लागते, मी परत पहिल्यापासून समजावला, त्यांनी विचारलं तुम्ही बंगाली ना?

फोन ठेवला आणि आठवेना, सहा झाल्या होत्या की सात. आता इथे माणसाने नाकाने वास घ्यावा, कढईत बघावं. पण रुमाल नाकावर, डोळ्यांतून पाणी, आणि देवाच्या कामात अंदाज कसा चालेल, म्हणून मी इमानदारीत पहिल्यापासून सुरुवात केली. सावकाश.

चौथ्या हेल मेरीला कॉरिडॉरमधला फायर अलार्म झाला.

जळक्या मिरचीचा ठसका ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. आमचं दार उघडं होतं, धूर लिफ्टच्या डक्टमधून वर चौदाव्या मजल्यापर्यंत गेला. लोक जिन्याने उतरताना खोकत होते, एक आजोबा धोतर सावरत, एक मुलगी लॅपटॉप उघडाच हातात धरून मीटिंगमध्ये सॉरी सॉरी म्हणत, वॉचमन वाळूची बादली घेऊन वर येत होता आणि प्रत्येक मजल्यावर शिंकायला थांबत होता. खाली सगळे जमले आणि वर बघायला लागले. ही एकटी खाली गेली नाही. गुडघा आहे म्हणाली. मी परत आलो तर खुर्ची किचनमध्ये ओढून कढईसमोर बसलेली, गॅस बंद, हातात एक काळी पडलेली मिरची, उजेडाकडे धरून बघत होती. काही बोलली नाही. हे जास्त वाईट.

चौथा घाणा फेकायचा नाही असं ठरलं, मिरची काय भाव आहे. तो वेगळा कुटला, एकच बाटली भरली, आणि हिने चिकटपट्टी लावून वर लिहिलं: ‘ह्याचा. फक्त सुकटीला.’ बाकी चौदा बाटल्या शेल्फवर पुढे, ही एक मागे, पाहुण्यांना दिसणार नाही अशी.

सोसायटीने दंड लावला, तो भरला. मग ख्रिसमसला शेजारीपाजारी गोडाचं ताट पाठवायचं असतं, कुलकुल, डेट रोल, मार्झिपान, पेरूचं चीज. सेक्रेटरींच्या घरीपण पाठवलं, आणि ही म्हणाली, त्यांना मसाल्याची एक बाटली देऊ, एवढं सगळं त्या मसाल्यावरून झालं, चव तरी बघू देत. मला हे फार ख्रिस्ती वाटलं. नंतर शेल्फ बघितलं तर मागची बाटली गायब. मी काही बोललो नाही. चिकटपट्टी मात्र नीट खरवडून काढली होती, कचऱ्याच्या डब्यात सापडली.

फेब्रुवारीत सेक्रेटरींच्या मिसेस स्वतः वर आल्या. म्हणाल्या, आंटी, तो मसाला संपला, आमच्याकडे आता वांग्याला दुसरा चालतच नाही, तो जरासा धुरकट वास आहे ना, तोच हवा. हिने पुढच्या रांगेतली बाटली काढून दिली. चार दिवसांनी त्या परत आल्या. छान आहे, पण तो नाही.

तेव्हापासून ही मला रोज विचारते. गॅस केवढा होता? कढई लोखंडी की ॲल्युमिनियमची? मुख्य म्हणजे फोनवर किती वेळ बोललास, आणि नंतर कितव्या हेल मेरीला अलार्म झाला? नातीने वहीत सगळं लिहून घेतलंय. फोनची वेळ मोबाईलमध्ये मिळाली, सहा मिनिटं बारा सेकंद. मी म्हटलं, मग घड्याळ लावून करू ना. ही म्हणाली, घड्याळ लावून मसाला होत नाही, जसं झालं तसंच करायचं.

त्यामुळे परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले तेव्हा मी सांगून ठेवलंय, मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझी काहीतरी तक्रार काढा आणि फोन करा, सहा मिनिटं बारा सेकंद बोला. ते म्हणाले, तक्रारीची काळजी करू नका.