सोलापूरच्या हवेचे दोन आकडे: खुलासा

"ॲपवर सोलापूरची हवा दीडशेच्या वर आणि सरकारी साइटवर शंभर, म्हणजे आकडे दाबले जातायत," असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. एवढ्यावरून असा निष्कर्ष निघत नाही.

दोन्ही आकडे एकाच हवेचे असू शकतात. घनमीटरभर हवेत पीएम २.५ हे सूक्ष्म कण दिवसभराच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम असले, तर त्यांचा भारतीय निर्देशांक १०० येतो, शेरा 'समाधानकारक'. अमेरिकी पट्टीवर तीच हवा १५० ओलांडते आणि 'आरोग्यास अपायकारक' ठरते. अनेक ॲप अमेरिकी पट्टीच वापरतात.

म्हणून आपला शेरा वाचून निर्धास्त होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची शिफारस फक्त १५ मायक्रोग्रॅमची आहे. शिवाय हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सोलापूरचं नाव आहेच. माझ्या मते भांडायचं तर या ढिल्या पट्टीवरून भांडावं.

आणखी एक. भारतीय निर्देशांक आठ प्रदूषकांपैकी जे सगळ्यात वाईट, त्याचा असतो; सगळ्यांची सरासरी नव्हे. पण धूलिकणांचं मोजमाप २४ तासांचं असल्याने सकाळी अक्कलकोट रोडला कुणी कचरा पेटवला, डोळे चुरचुरले, तरी आकडा लगेच चढत नाही. अशा वेळी घरातल्या दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना आत ठेवा, फोटो काढून महापालिकेकडे तक्रार करा. मेसेज पुढे पाठवण्याआधी ॲप कुठली पट्टी दाखवतंय तेही बघा.