पात्यावर ‘शेफिल्ड’ आहे म्हणून रंधा विलायती होत नाही

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत निघालेल्या लाकडी रंध्यांचे फोटो फिरताहेत. पात्यावर ‘शेफिल्ड’ (पोलादी हत्यारांसाठी प्रसिद्ध इंग्लंडमधलं शहर) आहे, म्हणून अख्खा रंधा इंग्रजी, असा दावा. तो चुकीचा आहे. तो छाप फक्त पात्याचा. अनेकदा पातं विकत आणायचं आणि सागाचा, बाभळीचा ठोकळा सुतार स्वतः करायचा. इंग्रजी कारखान्याचा ठोकळा बहुधा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, नाव पुढच्या टोकावर ठोकलेलं.

तपासायचं तर रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके टोले द्या, पातं धरून ठेवणारी पाचर सुटेल. पातं टेकतं तो उतार उंचसखल, दोन्ही गाल (पात्याच्या दोन बाजूंच्या लाकडी भिंती) कमीजास्त जाडीचे असतील तर रंधा बहुतेक घरगुती. पात्यावर कानशीच्या दात्यांच्या पुसट रेघा दिसल्या, तर पातंही जुन्या कानशीचं. हे सगळं तपासण्याआधी पात्यावर पॉलिश पेपर अजिबात मारू नका. उथळ छाप कायमचा जातो.