पेला वेगळा, नेलकटर एकच

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "हिपॅटायटिस बी एड्सपेक्षा शंभरपट पसरतो. रोग्याच्या ताटवाटीला शिवू नका, लोकलमध्ये शेजारी बसू नका. यावर औषध नाही." आमच्या परळच्या चाळीत तो आला आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या एका वहिनींचा स्टीलचा पेला दोन दिवसांत वेगळा झाला. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका, खिडकीच्या कठड्यावर पालथा. तो बघवला नाही म्हणून लिहितेय.

शंभरपट हा आकडा अगदी हवेतला नाही. दूषित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात ३ च्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाते. पण हा हिशेब सुईचा आणि रक्ताचा. फॉरवर्डने तो ताटाला लावला.

खरा घोळ 'कावीळ' या शब्दाने केलाय. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिसच्या सगळ्या प्रकारांना आपण कावीळच म्हणतो. पावसाळ्यात घाण पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून होते ती ए किंवा ई. बी पसरतो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका ताटात जेवून, मिठी मारून, खोकल्या-शिंकांतून, गर्दीत खेटून उभं राहून तो होत नाही. अमिताभ बच्चन यांनी स्वतः सांगितलंय, १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना तो झाला.

जपायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. शरीराबाहेर हा विषाणू किमान ७ दिवस तग धरतो, म्हणून सलूनमध्ये नवं ब्लेड आपल्यासमोर लावून घ्या. वहिनींकडे मी सहज विचारलं, तर घरात नेलकटर एकच, सगळ्यांचं!

औषधाचं म्हणाल तर औषधाने विषाणू सहसा मुळापासून जात नाही, हे खरं. पण डॉक्टरांनी गरज सांगितली तर टेनोफोविरसारखी रोजची गोळी त्याला दाबून ठेवते. आणि लस आहे की! बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस, मग ६, १०, १४ आठवड्यांना. मोठ्यांना सहसा सहा महिन्यांत तीन. लस दिलेल्या बाळाला आईने दूधही खुशाल पाजावं.

घरात एकाला निघाला की बाकीच्यांनी आधी एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करायची आणि गरजेप्रमाणे लस घ्यायची. वहिनींच्या यजमानांची तपासणी राहिलीच होती. सोमवारी आम्ही त्यांना घेऊन जातोय.