शेव भैयाजींची, फोन माझा

गेले सव्वादोन महिने माझा दिवस पहाटे साडेपाच वाजता सुरू होतो आणि तो देवाच्या नावाने नव्हे, तर नर्मदेच्या नावाने सुरू होतो. इंदूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. ‘आज नर्मदा आली का?’ असे आम्ही शेजाऱ्याला इतक्या सहजपणे विचारतो की, बाहेरगावच्या पाहुण्याला ती आमच्याकडे धुणेभांडी करणारी कुणी बाई असावी असे वाटते. तर साडेपाचला फोन वाजतो आणि पलीकडून एखादा करुण आवाज म्हणतो, “भैयाजी, दो दिन से नर्मदा नहीं आई.” भैयाजी हे आमच्या भागातले पुढारी. मी भैयाजी नाही. मी लोकमान्य नगरात राहणारा एक निवृत्त हिशेबनीस आहे आणि नगर निगमाशी माझा संबंध वर्षातून एकदा संपत्तीकर भरण्यापुरताच येतो. पण हे त्या आवाजाला पटत नाही, कारण त्याने माझा नंबर चौकातल्या फ्लेक्सवर, भैयाजींच्या जोडलेल्या हातांच्या बरोबर खाली पाहिलेला असतो.

याचे मूळ शेवेत आहे. आमच्या आक्काच्या धाकट्या मुलाने पुण्यातली संगणकाची चांगली नोकरी सोडली आणि इंदुरास परतून शेवेचे दुकान काढले. इंदुरात शेवेचे दुकान काढणे म्हणजे पंढरपुरात बुक्क्याचे दुकान काढण्यासारखे आहे. मागणीचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो तो उभे राहायला जागा मिळण्याचा. आमच्याकडे पोह्यांवर शेव आणि जिरावन नावाचा मसाला असतो, वरणभातावर शेव असते, भाजी संपली तर भाजीच्या जागी शेव असते आणि आमचे एक शेजारी तर केळ्याच्या शिकरणीवरही शेव घालून घेतात. अशा गावात गिऱ्हाइकाने आपलीच शेव का घ्यावी, याचे उत्तर भाच्याने पुण्याच्या नोकरीत शिकलेल्या पद्धतीने शोधून काढले होते. “मामा,” तो म्हणाला, “आपल्याकडे चव आहे, भाव आहे, पाकीट आहे. फक्त चेहरा नाही.”

मी माझा चेहरा देऊ केला नाही आणि त्यानेही मागितला नाही. त्याला हवे होते भैयाजी. नट परवडत नाही, क्रिकेटपटू त्याहून परवडत नाही. पुढारी मात्र हार, मांडव आणि ध्वनिवर्धक एवढ्यावर येतो, असा त्याचा हिशेब होता. भैयाजींनी कॅमेऱ्यासमोर एक चिमूट शेव तोंडात टाकायची आणि ‘वा!’ म्हणायचे, एवढीच अपेक्षा. माझा एक जुना सहकारी भैयाजींच्या बंगल्यावर ऊठबस असलेला निघाला, त्यामुळे ही कामगिरी माझ्या गळ्यात आली.

हिशेबनिसाचा पिंड असल्यामुळे मी आधी मागच्या नोंदी काढून बसलो. पुढाऱ्याने खाण्यापिण्याच्या मालाची जाहिरात करण्याचा प्रघात जगात कुठे आहे आणि त्यातून कोणाचे भले झाले, हे पाहू लागलो, तेव्हा पहिलीच नोंद अशी सापडली की मी चहा विसरलो. ज्या मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या डोळ्यांदेखत सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले, ज्यांना १९९० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी १९९७ साली पिझ्झा हटच्या जाहिरातीत काम केले होते. मॉस्कोतल्या हिमाळ हवेत गोर्बाचेव्ह आपल्या नातीला घेऊन दुकानात शिरतात. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ त्यांना ओळखतो आणि या माणसाने देशाची घडी विस्कटली म्हणून चिडतो. तरुण मंडळी म्हणतात की यांच्यामुळेच आम्हाला मोकळा श्वास मिळाला. शेवटी एक आजीबाई निवाडा देतात की यांच्यामुळे बऱ्याच गोष्टी मिळाल्या, उदाहरणार्थ पिझ्झा हट. त्यावर सारे दुकान हातात पिझ्झ्याचे तुकडे उंचावून त्यांचा जयजयकार करते. एका साम्राज्याच्या अंतावरचा वाद आपल्याकडे सासू-सुनांचे भांडण मिटवणाऱ्या मावशीच्या पद्धतीने मिटलेला पाहून मी थक्क झालो. पण मला खरी महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. संपूर्ण जाहिरातीत गोर्बाचेव्ह पिझ्झा खात नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यासमोर खाण्यास नकार दिला होता. तुकडा खाल्ला तो नातीने. पैसा त्यांच्या प्रतिष्ठानाच्या कामी आला आणि जाहिरात खुद्द रशियात दाखवण्यात आली नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नाव आजोबांचे, जेवण नातीचे आणि गिऱ्हाईक परदेशातले.

अमेरिकेच्या खात्यात नोंदी पुष्कळ होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांनी १९५९ मध्ये दूरचित्रवाणीवर मार्गारिनची शिफारस केली आणि मागाहून त्यांनीच गमतीने सांगितले की, नाव खराब झाले म्हणून निम्म्या पत्रलेखकांना वाईट वाटले आणि उरलेल्या निम्म्यांना त्याच कारणाने आनंद झाला. जेराल्डिन फेरारो १९८४ साली उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्या आणि १९८५ मध्ये डाएट पेप्सीच्या जाहिरातीत दिसल्या. न्यूयॉर्कचे मारिओ कुओमो आणि टेक्सासच्या ॲन रिचर्ड्स हे दोघे गव्हर्नर १९९४ मध्ये पडले आणि लगेच १९९५ मध्ये डोरिटोस नावाच्या मक्याच्या चिप्सच्या जाहिरातीत एकत्र झळकले. बॉब डोल १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले आणि पुढे २००१ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीत आले. रकाने भरता भरता माझ्या लक्षात आले की, यांतला जवळजवळ प्रत्येक जण आधी पडला आणि मग खाऊ लागला. खुर्चीवरचा माणूस पाकिटाला हात लावत नाही. म्हणजे भाच्याला भैयाजी नकोतच, त्याला एखादा ताजा पडलेला उमेदवार हवा.

हा निष्कर्ष मी मोठ्या उत्साहाने भाच्याला सांगितला आणि मगच ध्यानात आले की आपण इंदुरात राहतो. लोकसभेला आमच्या गावाने १९८९ पासून पक्ष बदललेला नाही. त्यांतल्या सलग आठ निवडणुका तर एकट्या सुमित्राताई महाजनांनी जिंकल्या. २०२४ साली परिस्थिती आणखी बिकट झाली. प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि मतमोजणीत दुसऱ्या क्रमांकावर आला तो ‘नोटा’, २ लाख १८ हजार ६७४ मते घेऊन. शेवेची जाहिरात करायला यापेक्षा निर्मळ चारित्र्याचा पराभूत उमेदवार मिळणे कठीण. त्याच्यावर आरोप नाहीत, त्याला आम्लपित्त नाही, तो कुठल्याही कार्यक्रमाला उशिरा येत नाही. फक्त त्याला चेहरा नव्हता आणि भाच्याची अडचण तीच होती.

“मग थेट पंतप्रधानांचाच फोटो लावला तर?” भाच्याने विचारले. मी त्याला १९५० चा कायदा सांगितला. पंतप्रधानांचे नाव किंवा चित्र परवानगीवाचून व्यापारासाठी वापरता येत नाही. २०१६ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी पानभर जाहिरातींत ते वापरले, संसदेत प्रश्न आले, माफीही मागितली गेली. त्या वेळी या गुन्ह्याला कायद्याने ठरवलेला जास्तीत जास्त दंड होता ५०० रुपये. भाच्याचे डोळे चमकले. “पाचशे? मामा, एवढ्यात मोठा फ्लेक्ससुद्धा होत नाही!” त्यांतली एक जाहिरात तर पाचशेची नोट रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली होती, त्यामुळे दंड नेमका कोणत्या नोटेत भरायचा हाही एक पेच झाला असता. मी त्याला कसेबसे आवरले.

आमच्या सौभाग्यवतींचे मत असे पडले की आपल्या देशात पुढाऱ्यांनी खाण्यापिण्यात पडूच नये. त्यांना १९७७ साल आठवत होते. कोका-कोलाने देश सोडला आणि जनता सरकारने सरकारी कारखान्यात ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले. ते सालाच्या नावाने आले आणि सरकारपाठोपाठ विस्मरणात गेले. त्याच काळात पंतप्रधान मोरारजीभाई मात्र एका पेयाची अगदी मनापासून, स्वानुभवाने आणि जगजाहीर शिफारस करत होते. “ते खरे! स्वतः प्यायचे आणि मग सांगायचे,” सौभाग्यवती म्हणाल्या. “पण त्याची बाटली कोण विकत घेणार? ज्याची त्याला फुकट.” उलट दिशेचा अनुभव तर आमच्या गावाच्या गाठी आहेच. जानेवारी २०२० मध्ये इंदूरच्याच एका मोठ्या नेत्यांनी जाहीर भाषणात सांगितले की, घरी कामाला आलेले मजूर नुसते पोहेच खातात हे पाहून ते बांगलादेशी असावेत असा संशय आपल्याला आला. त्यानंतर मी आठ दिवस चौकातल्या गाड्यावर पोहे घेताना शेजारी जिलबीही मागवत असे, निदान कागदपत्रे पूर्ण दिसावीत म्हणून.

असो. भैयाजींच्या बंगल्यावर मी एकूण चार खेपा घातल्या. बाहेरच्या खोलीत माझ्याआधी पापडवाले होते, पनीरवाले होते आणि शिकंजीचा थर्मास छातीशी धरून बसलेले एक वृद्ध सद्गृहस्थ होते. ते बहुधा मागच्या निवडणुकीपासून बसले असावेत. प्रत्येकाला भैयाजींनी आपलेच खावे असे वाटत होते आणि वेळ जावा म्हणून सगळे एकमेकांना आग्रह करत होते, त्यामुळे जे भैयाजींनी खायचे ते सारे मी खाल्ले. तिसऱ्या खेपेनंतर मला दोन दिवस ताकभातावर राहावे लागले.

चौथ्या खेपेस स्वीय सचिव भेटले. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिले, हुंगले आणि सांगितले की भैयाजींना डॉक्टरांनी तळलेले, तिखट आणि लसूण ही तिन्ही वर्ज्य केली आहेत. पण त्याने काही अडत नाही, ते न खाता तारीफ करतील, रोज करतात. इथे माझ्यातला हिशेबनीस नको तेव्हा जागा झाला. मी नम्रपणे म्हणालो की जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस करणाऱ्याला त्या मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा लागतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरली तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

“दस लाख? किसको?”

“भैयाजींना.”

खोलीत अशी शांतता पसरली की शिकंजीच्या थर्मासचे झाकण किणकिणलेले ऐकू आले. सचिव आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि त्यांनी निर्णय सांगितला. भैयाजी शिफारस करणार नाहीत. भैयाजी शुभेच्छा देतील. शुभेच्छांना दंड नाही.

उद्घाटनाला ते आले आणि पाऊण तास बोलले. त्यात अहिल्यादेवी आल्या, स्वच्छतेतला पहिला क्रमांक आला, मेट्रो आली. शेव आली नाही. बोलताना मात्र त्यांनी उजव्या हाताच्या चिमटीत शेव धरून ठेवली होती आणि ती तोंडाकडे नेल्याचा आविर्भाव करत ते छायाचित्रकारांकडे सारखे पाहत होते. चिमूट ओठांपासून चार बोटांवर येई आणि तिथून एखाद्या आश्वासनासारखी परत जाई. अखेर त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याच्या कडेवरचे लहान मूल जवळ घेतले आणि ती चिमूट त्याच्या तोंडात घातली. मला गोर्बाचेव्हची नात आठवली. पण ती पिझ्झा खात होती. आमची शेव लसणीची आणि झणझणीत. त्या मुलाने जो टाहो फोडला, तो त्या समारंभातला आमच्या मालाविषयीचा एकमेव स्वानुभवावर आधारलेला अभिप्राय होता आणि दुसऱ्या दिवशी छापूनही नेमका तोच फोटो आला.

फ्लेक्स भाच्याने हौसेने केला. त्याच्या तीन चतुर्थांश भागात भैयाजी आहेत, खाली गोल चौकटींत अकरा कार्यकर्ते आहेत आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे शेवेचे पाकीट आहे. ‘भैयाजींच्या शुभेच्छांसह’ हे शब्द वाचून कित्येकांना तो वाढदिवस वाटला आणि काही जण दुकानात येऊन फुकट शेव मागून गेले. संपर्कासाठी नंबर माझा, कारण, भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही निवृत्त आहात, घरीच असता.”

तेव्हापासून नर्मदेनंतर सातला तुंबलेली ड्रेनेज येते, आठला पथदिवे, दुपारी मतदार यादी आणि रात्री जेवायला बसलो की कोणाच्या तरी मुलीचे लग्न, ज्याला भैयाजींनी यायलाच हवे असते. पहिले आठ दिवस मी हा चुकीचा नंबर आहे असे समजावून सांगत होतो, पण त्यावर ‘चुनाव के बाद सब यही बोलते हैं’ असे ऐकावे लागे. शेवटी मी एक वही घातली आणि येईल ती तक्रार निगमाच्या ३११ ॲपवर नोंदवू लागलो. दुर्दैव असे की त्यांतल्या बऱ्याच सुटल्या. आता आभाराचेही फोन येतात, भैयाजींची कार्यक्षमता या प्रभागात नव्याने चर्चेचा विषय झाली आहे आणि स्वीय सचिवांनी निरोप पाठवला आहे की फ्लेक्स आणखी सहा महिने उतरवू नये.

काल दुपारी मात्र फोनवर चक्क मराठी आवाज आला. राजेंद्र नगरातल्या एक बाई होत्या. घरी मंगळागौर होती आणि त्यांना दोन किलो लसूण शेव, एक किलो लौंग शेव हवी होती. सव्वादोन महिन्यांत आमच्या नंबरावर आलेली ती शेवेची पहिली मागणी.

“ताई,” मी म्हणालो, “आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येऊन पाहून जाईल.”